ऑगस्टमध्ये मरणारा जंगली आयरिस : आधी टायमर बघा, कुदळ सगळ्यात शेवटी

दर वर्षी ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे फोटो यायला लागतात. आयरिस या फुलझाडाचा झुपका, कडेची पाती हिरवी, मधली तपकिरी, आणि खाली ओळ: "दादा, हा मेला का? पाणी तर रोज घालतोय." उत्तर त्या दुसऱ्या वाक्यातच असतं, पण तसं तोंडावर सांगितलं की माणूस दुखावतो. शिवाय दर वेळी पाणीच कारण असतं असंही नाही. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतोय.

मी सॅन होजेत राहतो. घरामागच्या उतारावर कॅलिफोर्नियाचा स्थानिक आयरिस लावतो, मुख्यतः डग्लस आयरिस आणि त्याचे संकर. पहिल्या तीन वर्षांत लावलेलं जवळजवळ प्रत्येक रोप मी मारलं. मग स्वतःची वाचवायला शिकलो, मग ओळखीच्यांची, मग ओळखीच्यांच्या शेजाऱ्यांची. हे लिहिलेलं सगळं समुद्रापासून आत राहणाऱ्यांसाठी आहे: सॅन होजे, फ्रीमाँट, प्लेझंटन, सॅन रमोन वगैरे. हाफ मून बे किंवा पॅसिफिका अशा किनाऱ्यावरच्या गावांत राहत असाल तर तुमचा आयरिस बहुधा तुमच्या मदतीशिवायच मजेत असेल.

लक्षणं

फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत झाड फुलतं. जांभळी, निळसर, कधी पिवळट पांढरी फुलं. जूनमध्ये बोंडं धरतात. जुलैत पात्यांचा तजेला कमी होतो, आणि तो व्हायलाच हवा. मग उष्णतेची एक लाट येऊन जाते आणि आठवड्याभरात झुपक्याचा मधला भाग किंवा एक बाजू तपकिरी पडते. पाती वरून खाली सुकत येत नाहीत, बुडापासून जातात. बुडाशी दाबलं तर मऊ लागतं. कधी वास येतो, पावसाळ्यात पोत्यात राहिलेल्या बटाट्यासारखा. झुपक्याच्या शेजारीच लावलेलं दुसरं रोप मात्र ठणठणीत असतं, म्हणून माणूस आणखी गोंधळतो.

याच्याशी मिळतीजुळती पण निरुपद्रवी लक्षणं लगेच बाजूला काढू. नुसती टोकं सुकली असतील, बाहेरची जुनी पाती वाळली असतील, तर तो उन्हाळा आहे, रोग नाही. पात्यांवर नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या असतील आणि बोटाला भुकटी लागत असेल तर तांबेरा. दिसतो वाईट, मारत नाही. ती पाती कापून कचऱ्यात टाका. कडा कुरतडल्यासारख्या असतील तर गोगलगाई. रात्री टॉर्च घेऊन जा, वेचा. झाड हिरवंगार आहे पण फुलतच नाही, तर सावली फार झाली किंवा लॉनचं खत तिथवर पोचतंय. हे सगळं सावकाश बघता येतं. बुडापासून तपकिरी होणं मात्र आजच बघायचं.

आधी ओढून बघा

फुकट, अर्ध्या मिनिटाचं काम. तपकिरी झालेल्या पात्यांचा पंखा बुडाशी धरून हलकेच वर ओढा. सुखासुखी हातात आला तर खालचा कंद कुजलाय. घट्ट राहिला तर कंद जिवंत आहे आणि तुमच्यापाशी वेळ आहे.

हलकेच म्हणजे खरंच हलकेच. या कुळातल्या आयरिसच्या पात्याच्या दोन्ही कडांना एक-एक धागा असतो आणि तो कमालीचा चिवट असतो. उत्तर कॅलिफोर्नियातले युरोक, कारुक, हुपा हे आदिवासी लोक या कुळातल्या पात्यांमधून तो धागा सोडवून त्याच्या दोऱ्या वळत, मासे धरायची जाळी आणि हरणांचे फास विणत. असलं पातं तुटत नाही, ते आपल्याबरोबर निरोगी फुटवा उपटून आणतं. वाळलेली पाती साफ करतानाही ओढू नका, कात्रीने कापा. मी स्वतः एका दुपारी साफसफाईच्या उत्साहात तीन चांगले फुटवे उपटलेत.

कात्री एका झुपक्यावरून दुसऱ्यावर नेताना मधे पुसा. सत्तर टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल पुरे.

हा आयरिस कोणता?

हा प्रश्न खुळा वाटतो, पण याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. 'आयरिस' या एका नावाखाली इथल्या दुकानांत अगदी उलट्या स्वभावाची झाडं विकली जातात. दाढीवाला आयरिस, म्हणजे ज्याच्या खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो तो, भर उन्हात बसतो आणि त्याचा जाडजूड कंद उघडा ठेवावा लागतो. लुइझियाना आयरिस दलदलीतला. त्याला उन्हाळ्यात पाणी तोडलं तर तो रुसतो. आणि आपला डग्लस आयरिस हा मध्य कॅलिफोर्नियापासून दक्षिण ओरेगॉनपर्यंतच्या किनाऱ्याजवळच्या गवताळ उतारांवरचा, झाडांच्या विरळ सावलीतला. ज्या डेव्हिड डग्लसच्या नावाने डग्लस फर ओळखला जातो त्याच स्कॉटिश वनस्पतीसंग्राहकाचं नाव यालाही दिलंय. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो इकडच्या किनाऱ्यावर झाडं गोळा करत हिंडत होता.

ओळखायचं कसं? डग्लस आयरिसची पाती गडद हिरवी, चकचकीत, अरुंद, बुडाशी बहुधा लालसर असतात. कंद बोटाएवढा किंवा त्याहून बारीक. फुलाला दाढी नसते. एकाच देठाच्या फांद्यांवर एकाहून जास्त फुलं येतात. 'कॅन्यन स्नो' नावाचा पांढरा प्रकार खूप घरांत दिसतो, तोही याच घराण्यातला.

तुमचा आयरिस दाढीवाला निघाला तर हे पुढचं वाचून त्यावर उपाय करू नका. दुसरं झाड, दुसरी कुंडली.

टायमर, आणि आपला हात

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा इकडे आली ती मे महिन्यात. सप्टेंबरपर्यंत राहिली. रोज संध्याकाळी सहा वाजता पाइप घेऊन मागे जायची आणि एकेका झाडाला नावाने हाक मारल्यासारखं पाणी घालायची. आयरिसकडे बघून म्हणायची, "अरे, किती मलूल झालंय बघ ते. दोन तांबे पाणी घातलं तर काय बिघडतं?" मलाही तेव्हा काय बिघडतं ते माहीत नव्हतं. ऑगस्टअखेर नऊपैकी सात झुपके गेले. आईने स्वतःला दोष दिला नाही, मातीला दिला. मी तिला दुजोरा दिला.

बिघडतं ते असं. सॅन होजेला वर्षाकाठी साधारण पंधरा इंच पाऊस पडतो, म्हणजे पावणेचारशे मिलिमीटर, पुण्याच्या जवळपास निम्मा. तो बहुतेक सगळा नोव्हेंबर ते मार्चमध्ये. मेनंतर ऑक्टोबरपर्यंत आभाळ कोरडं. डग्लस आयरिसचं सगळं वर्ष यावर बेतलेलं आहे. पहिला पाऊस झाला की नवी पांढरी मुळं फुटतात, थंडीत पाती वाढतात, वसंतात फूल, आणि उन्हाळ्यात विश्रांती. विश्रांतीत मुळं जवळजवळ काम थांबवतात. त्या वेळी घातलेलं पाणी झाड पीत नाही, ते मातीत नुसतं थांबून राहतं. त्यात माती तापलेली. ऊब अधिक ओल म्हणजे बुरशीला मेजवानी. फायटॉफ्थोरासारख्या मूळकूज करणाऱ्या जिवांना आणि कंद सडवणाऱ्या जिवाणूंना याहून चांगले दिवस मिळत नाहीत. मुळं कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही आणि वरून दिसतं ते तहानलेलं. मग आपण आणखी पाणी घालतो.

हाफ मून बेला हेच पाणी का चालतं, असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. तिथे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ धुकं असतं, माती गारच राहते. ओल आहे पण ऊब नाही. इथे आतल्या भागात जुलैत पारा पस्तिशी गाठतो. मारतात ती दोन्ही मिळून.

आईला हे सगळं मी दोन वर्षांनी फोनवर समजावत होतो आणि तिला पटत नव्हतं. शेवटी विचारलं, "आपली कळलावी पावसाळा सरल्यावर सुकते, तेव्हा तू तिला पाणी घालतेस का?" ती म्हणाली, "छे, तेव्हा ती झोपते." झालं. फरक एवढाच की कळलावी वरून नाहीशी होते आणि झोपलीय हे आपल्याला कळतं. डग्लस आयरिस डोळे उघडे ठेवून झोपतो. पाती हिरवी असतात, म्हणून आपण त्याला जागा समजतो.

तर तपासणी अशी. पाइपवाला हात कुणाचा आहे ते आधी शोधा. घरात कुणी पाहुणे आहेत का, मुलांना पॉकेटमनीसाठी पाणी घालायचं काम दिलंय का, माळी दर आठवड्याला येतो का. मग बागेला आपोआप पाणी सोडणाऱ्या टायमरचं झाकण उघडा आणि आयरिस ज्या झोनमध्ये, म्हणजे बागेच्या ज्या भागात, आहे त्या झोनचं वेळापत्रक वाचा. आठवतंय त्यावर जाऊ नका, प्रत्यक्ष वाचा. बऱ्याच जुन्या टायमरमध्ये ९ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती संपलेली असेल आणि मधेच वीज गेली, तर टायमर तुमचं सगळं विसरतो आणि कारखान्यातल्या मूळ कार्यक्रमावर जातो. तो सहसा 'रोज, प्रत्येक झोन, दहा मिनिटं' असा असतो. वणव्याच्या हंगामात वीज जाणं आता नेहमीचंच झालंय. मी पाहिलेल्या केसेसमध्ये "आम्ही पाणी घालतच नाही" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या तीन घरांत कारण हेच निघालं. पाणी पहाटे चार वाजता सुरू व्हायचं आणि ते उठायच्या आत जमीन वरून वाळायची. बॅटरी बदला. काही डॉलरचं काम आहे.

टायमरमध्ये 'ए' आणि 'बी' असे दोन कार्यक्रम असतात हेही बघा. 'ए' बंद केला आणि 'बी' चालूच राहिला, ही चूक मी स्वतः केलीय.

किती पाणी द्यायचं, ते माझ्या हिशेबाने असं. पहिल्या वर्षीच्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांतून एकदा, सकाळी लवकर, खोलवर. दुसऱ्या वर्षापासून तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही हवा गार असलेला आठवडा बघून. लाट चालू असताना अजिबात नाही. लाट येणार असं कळलं आणि राहवत नसेल, तर झाडाला पाणी घालू नका, त्यावर जुनी ओढणी दोन काठ्यांवर बांधा. दुपारपुरती सावली मिळाली की भागतं.

पाणी बंद आहे, तरी माती ओली?

आता एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या. झुपक्यापासून वीतभर लांब मातीत खुपसा. ऑगस्टमध्ये आमची चिकणमाती कोरडी असेल तर तो दोन इंचांपुढे जाऊ नये, दगडाला लागल्यासारखा थांबावा. लोण्यात सुरी जावी तसा गेला तर खाली पाणी आहे. तुम्ही ते घातलं नसेल तर दुसरं कुणीतरी घालतंय.

त्या 'कुणीतरी'चे नेहमीचे संशयित: शेजाऱ्यांच्या लॉनचा स्प्रिंकलर कुंपणावरून अलीकडे येणं, वरच्या बाजूच्या वाफ्यातली ड्रिपची फुटलेली नळी, एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी, टोमॅटोचा गादीवाफा. हा शेवटचा आपल्या लोकांकडे फार. टोमॅटो, भेंडी, मिरची यांना उन्हाळ्यात भरपूर पाणी लागतं, ते उतारावरून निथळत खाली येतं, आणि खालच्या कडेला शोभेसाठी लावलेला आयरिस मरतो. भाजीचा वाफा आणि आयरिस एका ड्रिप लाइनवर असतील तर त्यांची फारकत करा, समझोता होत नाही.

गळती आहे का ते मीटरवर कळतं. घरातले सगळे नळ बंद करा, वॉशिंग मशीन-डिशवॉशर थांबवा, आणि फुटपाथजवळच्या पाण्याच्या मीटरचं झाकण उचला. त्यावर एक छोटा त्रिकोण किंवा चांदणीसारखी चकती असते. सगळं बंद असूनही ती फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. झाकण उचलताना हात घालायच्या आधी आत बघा, कोळी असतात.

बुडाशी काय साचलंय

मल्च, म्हणजे मातीवर अंथरायचं आच्छादन, चांगलं, पण बुडाला टेकलेलं मल्च वाईट. माळी लोक पिशवीभर लाकडी चुरा आणतात आणि झुपक्यांच्या गळ्याशी ढीग करतात, दिसायला छान दिसतं म्हणून. कंदाला हवा लागत नाही, बुड सतत दमट राहतं. हाताने चारही बाजूंनी चार बोटं जागा मोकळी करा. ओकचा पालापाचोळा असेल तर उत्तम. जाड चुऱ्यापेक्षा तो मला कधीही बरा वाटतो. खाली काळं प्लॅस्टिक किंवा तण-रोधक कापड अंथरलेलं असेल तर आयरिसभोवतीचं कापून टाका.

कंद किती खोल आहे तेही इथेच कळतं. तो मातीखाली जेमतेम अर्धा ते एक इंच असावा. त्याहून खोल पुरला असेल तर वरची माती आत्ता नुसती बोटांनी सरकवा. उचलू नका.

कुजलेले पंखे दिसले तर तेवढे कात्रीने काढा, आसपासची एखादी मूठ माती काढून टाका आणि ती जागा उघडी वाळू द्या. काढलेलं सगळं कचऱ्याच्या पिशवीत. कंपोस्टमध्ये नाही.

ऊन

आतल्या भागात या झाडाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी. पश्चिमेची भिंत, काँक्रीटचा ड्राइव्ह-वे, काळे दगड यांच्याशेजारी लावलेला आयरिस पाणी न घालताही जातो, भाजून. तेव्हा पाती तपकिरीऐवजी फिकट गवती होतात आणि टोकाकडून सुकत येतात, बुड कडक राहतं. हलवावा लागेल, पण आत्ता नाही.

निचरा

इथवरचं सगळं ठीक निघालं आणि तरी दर वर्षी हेच होतंय, तर खणायची वेळ आली. अजून झाडाजवळ मात्र नाही, दोन-तीन फूट बाजूला.

फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि मोजपट्टी उभी करून ताशी किती उतरतं बघा. एक इंच किंवा जास्त उतरलं तर निचरा कारण नाही. अर्ध्या इंचाहून कमी उतरलं तर हिवाळ्यातल्या पावसाचंच पाणी तिथे महिनोन्महिने साचतंय, आणि झाड उन्हाळ्यात शिरतं तेच अर्धी मुळं गमावून. पहिल्यांदा भरलेलं पाणी मोजू नका. कोरडी चिकणमाती भेगांमधून भराभर पिते आणि खोटा दिलासा देते. आपल्याकडच्या काळ्या मातीत नांगरट केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

उपाय म्हणून खड्ड्यात वाळू मिसळायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी दिला होता, मी केलाही होता. चिकणमातीत थोडी वाळू म्हणजे जवळजवळ वीट तयार होते, आणि सैल केलेला खड्डा भोवतालच्या घट्ट मातीत टाकीसारखा भरतो. त्यापेक्षा खाली जाण्याऐवजी वर या. आहे त्याच मातीत थोडं जुनं कंपोस्ट मिसळून आठ-दहा इंचांचा उंचवटा करा, दोन बाजूंना उतार द्या, आणि त्यावर लावा. खत नको. शेणखतही नको, कितीही हात शिवशिवले तरी.

दुसरा मार्ग झाड बदलण्याचा. बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या, किनारी गवताळ भागातला लाँगिपेटाला नावाचा स्थानिक आयरिस जड माती आणि हिवाळ्यातली ओल डग्लसपेक्षा बरीच सहन करतो. फूल फिक्या जांभळ्या रंगाचं, गडद शिरांचं. नर्सरीत कमी मिळतो, पण मिळतो.

उचलून विभागणं

हे सगळ्यात अवघड, आणि लोक सगळ्यात आधी हेच करतात. ऑगस्टमध्ये झाड आजारी दिसलं की उपटायचं, मुळं धुवायची, नव्या कुंडीत लावायचं. असं केलेलं एकही रोप माझ्या हातून जगलेलं नाही.

कारण साधं आहे. डग्लस आयरिसला उपटणं फक्त तेव्हाच सोसतं जेव्हा नवी मुळं फुटत असतात. त्याची जुनी मुळं एकदा दुखावली की ती पुन्हा काम धरत नाहीत. म्हणून पहिला चांगला पाऊस होऊन दोन-तीन आठवडे जाऊ द्या, म्हणजे साधारण नोव्हेंबर. मग पंख्याच्या बुडाशी बोटाने माती उकरा. पांढरी, टपोरी, इंच-दोन इंचांची कोवळी मुळं दिसली तर मुहूर्त आलाय. नसतील तर माती परत लोटा आणि पुढच्या आठवड्यात बघा. कॅलेंडर बघून करू नका, मुळं बघून करा.

मातीचाही वाफसा बघा. मूठभर दाबली की लाडू व्हावा आणि अंगठ्याने टोचला की फुटावा. हाताला चिकटत असेल तर थांबा.

काटा-कुदळीने झुपका लांबून सैल करा, उचला, तीन-चार पंखे एकत्र राहतील असे तुकडे करा. एकेकटा पंखा जगतो, पण दोन वर्षं रुसून बसतो. तपकिरी, पोकळ कंद निर्दयपणे कापून टाका. झुपक्याचा मधला भाग तीन-चार वर्षांनी आपोआपच म्हातारा होतो, तो गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मुळं क्षणभरही वाळू द्यायची नाहीत. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, सावलीत ठेवा, त्याच दिवशी लावा. पाती अर्ध्यावर छाटा. लावल्यावर पाऊस आला नाही तर पाणी तुम्ही द्या, कारण आता, थंडीत, ते पाणी झाड खरंच पितं. सगळा उन्हाळा आवरून धरलेला हात इथे सैल सोडायला हरकत नाही.

सगळंच गेलं असेल तर बोंडातलं बी असतं. शरद ऋतूत कुंडीत पेरा, बाहेर पावसात राहू द्या. हिवाळा सरता सरता उगवतं, फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. पॉइंट रेयीस किंवा कुठल्याही पार्कातून मात्र झाड उपटून आणू नका, बीही नाही. बेकायदा आहे, शिवाय असं उपटलेलं झाड जगत नाही.

कुठे थांबायचं

बुडाशी पांढरे तंतू आणि त्यांत मोहरीसारखे बारीक तपकिरी दाणे दिसले तर हात काढा. ती स्क्लेरोशियम बुरशी आहे, आपल्याकडे भुईमुगाची वाट लावते तीच. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, आणि तुम्ही खणत सुटलात तर खोऱ्याबरोबर सगळ्या अंगणात पोचतील. खोरं, बूट स्वच्छ करा आणि तुमच्या काउंटीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मास्टर गार्डनर (प्रशिक्षित स्वयंसेवक) हेल्पलाइनला फोटो पाठवा. सल्ला फुकट असतो, आणि प्रयोगशाळेत नमुना कुठे द्यायचा तेही सांगतात.

दोन-तीन वर्षं ओळीने त्याच जागी नवी रोपंही मेली, आणि पाणी, ऊन, निचरा तिन्ही तपासून झालेत, तर चौथ्यांदा लावू नका. आधी मातीची तपासणी करून घ्या. दुकानातून बुरशीनाशकाची बाटली आणून अंदाजाने ओतण्यात पैसे जातात आणि नेमकं काय झालं होतं तेही कधी कळत नाही.

आयरिस ओकखाली असेल आणि ओकच्याही बुंध्यातून काळपट स्राव येत असेल, किंवा बुंध्याशी मधाच्या रंगाच्या भूछत्रांचे झुबके उगवत असतील, तर आयरिसचा विचार सोडा. उन्हाळी पाण्याने बहुधा तोही आजारी पडलाय, आणि तो घरावर पडू शकतो. त्याच आठवड्यात प्रमाणित आर्बोरिस्टला, म्हणजे वृक्षतज्ज्ञाला, बोलवा. मुळांत स्वतः खणू नका.

मीटरची चकती फिरतेय आणि गळती ड्रिपच्या दिसणाऱ्या भागात सापडली नाही, तर ती मुख्य लाइन असू शकते. प्लंबर. निचऱ्यासाठी चर खणायचा असेल तर त्याआधी ८११ ला फोन करा. गॅस, वीज, पाण्याच्या लाइनी कुठे आहेत ते फुकट आखून देतात, त्यांना कामाचे किमान दोन दिवस आधी कळवावं लागतं. चराचं पाणी शेजाऱ्याच्या पायाकडे जाणार असेल तर परवानाधारक कंत्राटदाराशिवाय खोऱ्याला हात लावू नका.

कुत्र्याने उकरलेला कंद खाल्ला आणि तो ओकायला लागला तर वाट न बघता पशुवैद्य. आयरिसचा कंद विषारी असतो. माणसाच्या हातालाही रसाने खाज सुटते, म्हणून विभागणी करताना हातमोजे घाला.

आणि फोटो पाठवणार असाल तर वरच्या पात्यांचा पाठवू नका, त्यातून काहीच कळत नाही. मल्च बाजूला करून बुडाचा एक, आणि टायमरच्या पडद्याचा एक.